रीमॅप केलेल्या टर्बो-पेट्रोल गाडीचा दम अचानक गेला तर शोध कोणत्या क्रमाने घ्यायचा

'गाडी ओढत नाही' म्हणून कुणी आला की मी आधी विचारतो, आतापर्यंत काय काय बदललं? यादी बहुतेक तीच असते. प्लग बदलले, मग कॉइल, मग एअर-मास सेन्सर (इंजिनात येणारी हवा मोजणारा), आणि आता कुणीतरी टर्बो गेला म्हणाला म्हणून तोही उतरवायचं चाललंय. लॉग, म्हणजे गाडी चालताना सेन्सरच्या आकड्यांची नोंद, घेतला का, असं विचारलं की मात्र शांतता.

सुटे भाग बदलत जाणं म्हणजे अंधारात दगड मारणं. एखादा दगड लागतोही, पण तोवर चाळीस हजार गेलेले असतात आणि नक्की कशाने फरक पडला ते कळलेलं नसतं. इथे दिलेला क्रम रीमॅप केलेल्या, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललेल्या, टर्बो-पेट्रोल गाड्यांसाठी आहे. पोलो जीटी टीएसआय, ऑक्टाव्हिया व्हीआरएस अशा गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत, पण तर्क बाकीच्यांनाही लागू पडतो. डिझेलची गोष्ट वेगळी, ती इथे नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सतत काही ना काही मागत असतो: एवढा बूस्ट (टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा दाब), एवढं पेट्रोल, एवढं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ). आणि प्रत्यक्षात काय मिळालं ते सेन्सर सांगत असतात. म्हणून बिघाडाच्या जागा तीनच. मागणीच कमी झाली, मागणी झाली पण पुरवठा आला नाही, किंवा इंजिनाने ताकद तयार केली आणि ती चाकापर्यंत पोहोचलीच नाही. यातली नेमकी कोणती, हे कळेपर्यंत एकही भाग विकत घ्यायचा नाही.

## १. पाना उचलण्याआधी वही उचला

'पिकअप गेला' ही तक्रार झाली, लक्षण नव्हे. पुढच्या प्रश्नांची उत्तरं लिहून काढा, तोंडी नकोत:

- एका दिवसात गेला की हळूहळू?
- झटके देत जातो की गुळगुळीत, म्हणजे कुणी मागून धरून ठेवल्यासारखा?
- थंड इंजिनावर ठीक आणि तापल्यावर खराब, असं आहे का?
- ठरावीक आरपीएमलाच होतं का?
- गाडी बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ बरी चालते का? (तसं असेल तर ईसीयूने लिंप मोड, म्हणजे इंजिन वाचवायला ताकद कमी ठेवायची अवस्था, लावल्याची दाट शक्यता आहे.)
- मागच्या पाचशे किलोमीटरमध्ये गाडीला काय काय झालं? सर्व्हिस, बॅटरी बदल, वेगळ्या पंपावरचं पेट्रोल, पाण्यातून घातलेली गाडी, बंपर काढून लावलेला, सगळं.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि त्याचंच उत्तर लोक सर्वांत आळसाने देतात. 'काहीच केलं नाही' म्हणणाऱ्याने दहा दिवसांपूर्वी फॉग लॅम्प बसवायला बंपर उतरवलेला असतो, आणि इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप त्या बंपरच्या मागूनच जातो.

तपासा: दम खरंच गेलाय का? मे महिन्यातल्या दुपारची ४५ अंशांची हवा पहाटेच्या २५ अंशांच्या हवेपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ असते. त्यात एसी, चार माणसं आणि खंडाळ्याचा चढ. शिवाय रीमॅपची सवय होते. पहिल्या महिन्यात पाठ सीटला चिकटायची, सहाव्या महिन्यात काही वाटेनासं होतं. म्हणून अंदाजावर जाऊ नका. जुना लॉग किंवा जुनी ६० ते १०० ची वेळ असेल तर त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, साधारण तेवढ्याच तापमानाला पुन्हा मोजा.

## २. कोड वाचा, पण पुसू नका

चेक लाइट लागलेला नसला तरी ईसीयूने नोंदलेले बिघाडाचे कोड स्कॅन करा. बरेच कोड 'पेंडिंग' अवस्थेत असतात, दिवा न लावता बसून राहतात. फोक्सवॅगन-स्कोडासाठी व्हीसीडीएस किंवा ओबीडी-इलेव्हन हे स्कॅनर उत्तम. स्वस्तातलं ब्लूटूथ अडॅप्टर कोड वाचायला पुरतं, पण लॉगिंगला फार संथ असतं.

नेहमी भेटणारे कोड: पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी पडला. पी०२३४ म्हणजे बूस्ट जास्त झाला. पी०३०० ही मिसफायरची (सिलिंडरमधलं पेट्रोल नीट न पेटल्याची) नोंद, आणि पी०३०१ पासून पुढचा आकडा कोणता सिलिंडर ते सांगतो. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पी००८७ म्हणजे फ्युएल रेलचा (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाब कमी.

कोडसोबत फ्रीझ-फ्रेम असते. कोड नोंदला त्या क्षणी आरपीएम, लोड, तापमान काय होतं ते त्यात मिळतं. तिचा फोटो काढा.

इशारा: कोड पुसला की फ्रीझ-फ्रेम गेली, आणि काही गाड्यांत फ्युएल ट्रिमचं (ईसीयू पेट्रोलमध्ये करतो त्या कमी-जास्त दुरुस्तीचं) शिकलेलं गणितही गेलं. ओळखीचा गॅरेजवाला प्रेमापोटी 'क्लिअर करून देतो' म्हणेल. थांबवा त्याला.

दुसरी चूक उलट्या बाजूची. पी०२९९ म्हणजे 'टर्बो बदला' नव्हे. मागितलेला बूस्ट मिळाला नाही, एवढंच तो सांगतो. का मिळाला नाही ते शोधणं पुढे आहे.

## ३. थंड इंजिनावर वीस मिनिटं

बॉनेट उघडा, टॉर्च घ्या आणि हाताने तपासा. नुसत्या डोळ्यांनी नको.

एअर फिल्टर काढून आत बघा. पानं, धूळ, एकदा तर पुसायचं फडकं सापडलं होतं. तेल लावायचा कॉटन फिल्टर असेल आणि नुकताच धुऊन सढळ हाताने तेल पाजलं असेल, तर ते तेल एअर-मास सेन्सरच्या तारेवर बसतं आणि सेन्सर खरी हवा कमी दाखवतो. तो सेन्सर त्याच्यासाठीच्या स्प्रेनेच साफ करायचा. कापसाने पुसायला जाल तर तार तुटेल.

मग प्रत्येक बूस्ट पाइप धरून पिळून बघा, प्रत्येक क्लॅम्प हलवून बघा. जोडावर तेलाचा ओलसर काळा डाग दिसला की तिथून हवा जातेय असं समजा. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या बोटाने चाचपा. उन्हाने कडक होऊन तडकलेल्या असतात, किंवा उंदरांनी कुरतडलेल्या. सोसायटीच्या पार्किंगमधला उंदीर हा आपल्याकडचा खरा परफॉर्मन्स ट्यूनर आहे. वायरिंगही त्याच नजरेने बघा.

शेवटी गाडी जॅकवर घेऊन न्यूट्रलमध्ये एकेक चाक हाताने फिरवा. अडकणारा ब्रेक कॅलिपर इंजिनाच्या नावावर खपवला गेलेला मी दोनदा पाहिलाय.

## ४. चावी फिरवा, इंजिन चालू करू नका

ही दोन मिनिटांची चाचणी जवळपास सगळेच गाळतात. इंजिन बंद असताना इनटेक मॅनिफोल्डमधला दाब आणि बाहेरचा दाब एकच असायला हवा. इग्निशन ऑन करून स्कॅनरवर मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), बूस्ट सेन्सर आणि वातावरणीय दाब असे तीन आकडे बघा. मुंबईत साधारण १०१० मिलिबार, पुण्यात ९४५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६० ते ८७०. तिन्ही आकडे एकमेकांच्या १५-२० मिलिबारच्या आत हवेत. एखादा ऐंशी-शंभरने फटकून असेल तर तो सेन्सर खोटं बोलतोय, आणि त्याच्या भरवशावर घेतलेला पुढचा प्रत्येक लॉग खोटा ठरेल.

रात्रभर उभ्या गाडीत कूलंट, तेल आणि इनटेक हवेचं तापमानही जवळजवळ सारखं असतं. तेही बघून घ्या.

नेहमीचा घोळ: स्कॅनर बहुतेक वेळा एकूण दाब दाखवतो, वातावरणाचा धरून. लॉगमध्ये १९५० मिलिबार दिसला म्हणजे बूस्ट १.९५ बार नव्हे. पुण्यात तो एक बारच्या आसपास झाला.

## ५. लॉग घेणे

सगळ्याचा पाया हाच, म्हणून इथे घाई नको.

चॅनेल निवडा, पण मोजकेच. आरपीएम, वेग, पेडल, थ्रॉटल प्लेट, मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, वेस्टगेट ड्यूटी (एक्झॉस्टचा वायू टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेला ईसीयूचा टक्क्यांतला हुकूम), इनटेक हवेचं तापमान, इग्निशन टायमिंग, प्रत्येक सिलिंडरमागे ईसीयूने कापलेलं टायमिंग, मागितलेला आणि मिळालेला लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), रेलचा मागितलेला आणि मिळालेला दाब. एवढे सगळे एकदम लावलेत तर सेकंदाला दोनच नोंदी पडतील आणि दीड सेकंदाचा बिघाड मधल्या फटीतून निसटेल. दोन-तीन खेपांत विभागा: पहिल्या खेपेला हवा, दुसऱ्या खेपेला टायमिंग, तिसऱ्या खेपेला पेट्रोल. आरपीएम आणि पेडल प्रत्येक खेपेला ठेवा.

गाडी तयार करा. तेल ८० अंशांच्या वर, एसी बंद, पाव टाकीपेक्षा जास्त पेट्रोल. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड.

ओढ. एकच गिअर, २००० आरपीएमपासून पेडल पूर्ण खाली, एका दमात. मध्ये पाय उचलायचा नाही. अर्ध्या पेडलचा लॉग या कामासाठी निरुपयोगी आहे.

इशारा: तिसऱ्या गिअरमध्ये लाल रेषेपर्यंत जाल तर मुंबई-पुणे एक्सप्रेसवेची कारसाठीची ताशी १०० किलोमीटरची मर्यादा मोडेल. सार्वजनिक रस्त्यावर दुसरा गिअर वापरा किंवा तिसऱ्यात ४५०० च्या आत थांबा. वरच्या आरपीएमचं दुखणं असेल तर डायनोचे (रोलरवर गाडी चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचे) पैसे मोजा, ते चुकीच्या टर्बोपेक्षा स्वस्तच पडतात. लॅपटॉप शेजारच्याच्या मांडीवर हवा, ड्रायव्हरच्या नाही.

ओढ दोनदा घ्या. एकदाच दिसलेला आकडा योगायोग असू शकतो.

## ६. फाटा: लॉग काय म्हणतोय?

पहिला प्रश्न एकच. पेडल १०० टक्के असताना मागितलेला बूस्ट पूर्वीइतकाच आहे का?

### ६-अ. मागणीच कमी आहे

पेडल पूर्ण दाबलेलं, पण थ्रॉटल प्लेट ६० टक्क्यांवर किंवा मागणीच खाली आलेली. याचा अर्थ ईसीयू मुद्दाम हात आखडता घेतोय. इथे पाइप, प्लग, टर्बो काहीही बदलून उपयोग नाही.

सर्वांत आधी बघा, रीमॅप जागेवर आहे का? अधिकृत सर्व्हिसला गाडी गेली आणि तिथे सॉफ्टवेअर अपडेट झालं, तर तुमची रीमॅपची फाइल पुसून कंपनीची बसलेली असते. गाडी 'गुळगुळीत पण मेलेली' वाटते, कोड एकही नाही. स्कॅनरमध्ये ईसीयूचा सॉफ्टवेअर क्रमांक दिसतो, तो रीमॅपच्या वेळच्या नोंदीशी ताडून बघा. ती नोंद तुमच्याकडे नसेल तर ट्यूनरकडे, म्हणजे रीमॅप करणाऱ्याकडे, मागा.

फाइल जागेवर असेल तर मर्यादा कोण घालतंय ते बघा. इनटेक हवा फार तापली, कूलंट तापलं, किंवा गिअरबॉक्सने टॉर्क कमी करायला सांगितला. १.२ लिटरच्या पोलो जीटी टीएसआयच्या डीक्यू२०० या कोरड्या क्लचच्या डीएसजीची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. मुळात १७५ च्या इंजिनाला चढवत चढवत त्या मर्यादेला भिडवलं, आणि वर तासभर मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये क्लच तापवला, तर गिअरबॉक्स स्वतःला वाचवणारच. तो दोष नव्हे.

### ६-ब. मागणी आहे, बूस्ट येत नाही

आता वेस्टगेट ड्यूटी बघा. ती पूर्ण ताणलेली असूनही बूस्ट शंभर-दोनशे मिलिबारने कमी असेल तर ईसीयू जीव तोडून मागतोय आणि हवा कुठेतरी जातेय, किंवा येतच नाहीये. माझ्या अनुभवात इथे दहातल्या सात-आठ वेळा गळतीच निघते. म्हणून आधी गळती, मग वेस्टगेट, मग अडथळा, आणि टर्बो सर्वांत शेवटी.

गळतीची चाचणी. टर्बोच्या इनलेट पाइपाच्या मापाची पीव्हीसी एंड-कॅप घ्या, तिला भोक पाडून पंक्चरवाल्याकडचा ट्यूबलेस वॉल्व्ह बसवा. शे-दोनशे रुपयांत यंत्र तयार. मग:

१. इंजिन पूर्ण बंद आणि थंड. फिल्टर आणि एअर-मास सेन्सरनंतरचा पाइप सोडवून कॅप क्लॅम्पने घट्ट बसवा.
२. क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या कवचाचा) ब्रीदर, म्हणजे आतली वाफ बाहेर नेणारी नळी, इनलेटला जिथे जोडलाय तो सोडवून भोक बंद करा. नाहीतर हवेचा दाब क्रँककेसमध्ये शिरून ऑइल सीलवर येतो.
३. आधी ०.३ बार भरा आणि ऐका. मग हळूहळू वाढवत रोजच्या बूस्टच्या जवळ, पण एक बारच्या पुढे नको.
४. प्रत्येक जोडावर शॅम्पूचं पाणी फवारा. फुगे कुठे येतात ते बघा. इंटरकूलरच्या टाकीचे कडेचे जोड, डायव्हर्टर वॉल्व्ह (पेडल सोडलं की जादा बूस्ट सोडून देणारा), इंजेक्टरचे सील यांना विसरू नका.

इशारा: कॅपच्या समोर उभे राहू नका. क्लॅम्प सुटला तर ती गोफणीतल्या दगडासारखी येते.

सायलेन्सरमधून हलकी फुसफुस ऐकू आली तर घाबरू नका. एखाद्या सिलिंडरचे दोन्ही वॉल्व्ह थोडे उघडे असतात, इंजिन हाताने किंचित फिरवलं की आवाज बदलतो. तेलाच्या झाकणातून मोठा सुसाट आवाज आला तर मात्र पीसीव्ही वॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इनटेककडे सोडणारा) बघा.

माझ्या स्वतःच्या गाडीत ही चाचणी ०.३ बारला साफ उतरली होती. मी खूश होऊन तिथेच थांबलो, डायव्हर्टर वॉल्व्ह विकत घेतला, मग बूस्ट सेन्सर घेतला. तीन आठवड्यांनी कंटाळून ०.८ पर्यंत भरलं आणि बंपरखालचा क्लॅम्प शिट्टी वाजवू लागला. इंटरकूलर बसवताना तो मीच आवळला होता, तेलकट पाइपावर तसाच. सिलिकॉन होज तेलकट धातूवर टिकत नाही. पाइप ब्रेक क्लीनरने पुसून कोरडा करायचा आणि टी-बोल्ट क्लॅम्प वापरायचा. फार आवळू नका, होज कापला जातो.

गळती नसेल तर वेस्टगेट. आर्म हाताने किंवा व्हॅक्यूम पंपाने हलवून बघा. पूर्ण बंद होते का, मध्ये अडकते का, सांध्यात खडखडते का. वेस्टगेट नीट बंद न होण्याची खूण अशी: बूस्ट उशिरा चढतो, खालच्या आरपीएमला गाडी सुस्त. याउलट मधल्या आरपीएमपर्यंत सगळं छान आणि वर बूस्ट ढासळत गेला, तर अडथळ्याचा संशय घ्या. पण छोट्या टर्बोचा बूस्ट वरच्या टोकाला आपोआप उतरतो, फाइलमध्ये मागणीही तशीच उतरती असते. म्हणून मिळालेल्या आकड्याची तुलना मागणीशीच करा, मनातल्या इच्छेशी नको.

अडथळा. फिल्टर काढून एक छोटी ओढ घेतली आणि फरक पडला, तर दोष इनलेटच्या बाजूला. नाही पडला तर एक्झॉस्ट. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावा. आयडलला दीड पीएसआयच्या वर किंवा २५०० आरपीएमला तीनच्या वर दाब दिसला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) तुंबलाय असं समजा. तो आपोआप तुंबत नाही. मिसफायरमधलं न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते. म्हणून मिसफायर आधी बरा करा, कॅट नंतर बदला. उलट क्रमाने गेलात तर नवा कॅटही महिन्याभरात तसाच होईल.

बूस्ट कमी नसून क्षणभर फार जास्त होत असेल, तरी गाडी भिंतीला आपटल्यासारखी थांबते, कारण ईसीयू ताकद तोडतो. डाऊनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) बदलला आणि फाइल जुनीच ठेवली की हे हमखास होतं. उपाय पान्याने नाही, फाइलमध्ये आहे.

### ६-क. बूस्ट बरोबर, टायमिंग कापलेलं

बूस्टचे दोन्ही आकडे गळ्यात गळा घालून चाललेत आणि तरी गाडी मेलेली? टायमिंगचा लॉग उघडा. अधूनमधून एखाद्या सिलिंडरला एक-दोन अंश कापणं चालतं. पाच-सहा अंश सलग कापलेले दिसले तर इंजिन नॉकिंगपासून (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप पेटून बसणाऱ्या ठोक्यांपासून) पळतंय, किंवा नॉकिंग होतंय असं ईसीयूला नुसतं वाटतंय.

सगळ्या सिलिंडरना सारखंच कापलं: पेट्रोल किंवा उष्णता. फाइल कोणत्या ऑक्टेनसाठी (पेट्रोल नॉकिंगला किती टिकतं त्याचा आकडा) लिहिलेली आहे ते ट्यूनरला विचारा. ९५ किंवा त्याच्यावरच्या ऑक्टेनवर बेतलेल्या फाइलमध्ये ९१ चं पेट्रोल भरत असाल तर ईसीयू बरोबरच वागतोय. टाकी रिकामी होत आली की योग्य पेट्रोल भरा आणि निकाल दुसऱ्या टाकीनंतर बघा, पहिल्या टाकीत जुनं मिसळलेलं असतं. इनटेक हवा एका ओढीत वीस-तीस अंशांनी चढत असेल तर इंटरकूलर कमी पडतोय, किंवा त्याच्यासमोर नंबर प्लेट आणि हॉर्न बसवलेत.

एकाच सिलिंडरला कापलं: त्या सिलिंडरचा प्लग, इंजेक्टर, किंवा कार्बन.

कापलंय, पण नॉकिंगचं कारणच सापडत नाही: नॉक सेन्सर म्हणजे इंजिनाला बोल्टने लावलेला कान. डाऊनपाइप सबफ्रेमला घासत असेल, हीट शील्ड खडखडत असेल, कडक इंजिन माउंट नुकतेच बसवले असतील, तर तो तोच आवाज नॉकिंग समजतो. विशिष्ट आरपीएमलाच टायमिंग कापलं जात असेल तर खाली वाका आणि घासल्याची चमकदार खूण शोधा. हे दुखणं कुठल्याही कोडमध्ये दिसत नाही.

### ६-ड. मिश्रण पातळ, रेलचा दाब पडतोय

मागितलेल्या लॅम्डापेक्षा मिळालेला जास्त, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. इथे चाचण्या थांबवा. पूर्ण बूस्टवर पातळ मिश्रण पिस्टन वितळवतं. 'अजून एकदा बघूया' म्हणून ओढ घेऊ नका.

ट्रिम दिशा दाखवतात. आयडलला ट्रिम अधिक आणि आरपीएम वाढवल्यावर ठीक होत असेल, तर मॅनिफोल्डमध्ये बाहेरची हवा शिरतेय. आयडलला ठीक आणि लोडवर वाढत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा किंवा एअर-मास सेन्सर.

ई-२० चं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, गणित इथेच येतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, दहा टक्के इथेनॉलला १४.१ च्या आसपास, वीस टक्क्यांना १३.५ च्या आसपास. म्हणजे त्याच हवेला ई-१० पेक्षा चार-पाच टक्के, आणि शुद्ध पेट्रोलपेक्षा नऊ टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन लागतं. जुन्या पेट्रोलवर काठोकाठ बसवलेल्या फाइलमध्ये पंपाकडे तेवढी शिल्लक नसते. ट्रिम पाच-आठ टक्के अधिक दिसणं यात स्वाभाविक आहे, पण रेलचा दाब पडणं नाही. इथेनॉल नॉकिंगला उलट मदतच करतं, त्यामुळे 'ई-२० ने इंजिन नॉक करतं' हे निदान बहुधा चुकीचं असतं. खरा प्रश्न पंपाच्या आवाक्याचा आहे.

क्रम: टाकीतल्या पंपाचा दाब, फिल्टर, मग हाय-प्रेशर पंप. महाग ते शेवटी.

### ६-इ. झटके, मिसिंग

बूस्ट जास्त म्हणजे ठिणगीसमोरचा दाब जास्त, आणि प्लगच्या दोन टोकांमधला कंपनीचा गॅप तेव्हा मोठा पडतो. रीमॅप गाड्यांत ०.६ ते ०.७ मिलिमीटर गॅप चालतो, नेमका आकडा ट्यूनरकडून घ्या. गॅप कमी करताना बाहेरची पट्टी हलकेच दाबा. मधल्या बारीक टोकाला टेकवून उचकटलं तर नवा प्लग गेला. प्लग थंड इंजिनावर आणि टॉर्क रेंचनेच बसवा.

कॉइलचा संशय असेल तर नवी घेऊ नका, दोन नंबरची तीनवर लावा. मिसफायरची मोजणी तिच्यामागे गेली तर कॉइल खराब. नाही गेली तर तेच प्लगबरोबर करा. फुकटातलं निदान.

### ६-फ. लॉग स्वच्छ, तरी गाडी ओढत नाही

आता इंजिन सोडा. लॉगमधल्या आरपीएमला वेगाने भागा. एका गिअरमध्ये हा भागाकार बदलता कामा नये. ३००० ला ६० म्हणजे ५०. पुढे ४५०० ला ९० च्या ऐवजी ८३ दिसला तर भागाकार ५४ झाला, म्हणजे क्लच घसरतोय. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकला हा हिशोब तो लॉक झाल्यावरच लावा. भागाकार स्थिर असेल तर अडकलेला ब्रेक, किंवा मोठ्या व्यासाचे नवे टायर.

हेही नसेल तर कॉम्प्रेशन टेस्ट. सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर पुढचं काम इंजिनवाल्याचं. थेट इंजेक्शनच्या जास्त चाललेल्या इंजिनात इनटेक वॉल्व्हवर कार्बनही साचतो, पण त्याने दम एका दिवसात जात नाही.

## ७. टर्बोला हात कधी लावायचा

गळती नाही, वेस्टगेट ठीक, फिल्टर आणि एक्झॉस्ट मोकळे, सेन्सर खरे, आणि तरी बूस्ट नाही. आता इनलेट पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवा. बाजूला किंचित हलणं चालतं, कारण बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगतं. आत-बाहेर जाणवण्याइतकं सरकलं किंवा पाती कवचाला घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो गेला. पाइपात तेलाचा पातळ थर दिसला म्हणून टर्बो बाद ठरवू नका, तो बहुतेक वेळा ब्रीदरमधून येतो.

## ८. दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच बदल. प्लग, कॉइल आणि पाइप एका संध्याकाळी बदललेत आणि गाडी सुधारली, तर कशाने ते कधीच कळणार नाही, आणि दुखणं परतलं की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक बदलानंतर तोच रस्ता, तोच गिअर, तेच चॅनेल.

गाडी धडधाकट झाली की त्याच दिवशी एक पूर्ण लॉग घ्या. फाइलच्या नावात तारीख, पेट्रोल, बाहेरचं तापमान आणि ओडोमीटरचा आकडा टाका.

ट्यूनरला पाठवायचं असेल तर लॉगची मूळ फाइल पाठवा, स्क्रीनचा फोटो नको. सोबत चार ओळी: गाडीवर काय काय बसवलंय, कोणतं पेट्रोल, दुखणं कोणत्या आरपीएमला, आणि वर काय काय तपासून झालंय. 'भाऊ गाडी मेलीये, काहीतरी कर' एवढ्यावर तोही अंधारात दगडच मारणार.